मंगळूरची यादी आणि कोकणची मासळी : ज्यू घरांचा इतिहास कशावरून वाचायचा?

हे टिपण वाचण्यापूर्वी एक छोटे काम करा. गेल्या महिन्यात तुमच्या घरी किराण्याची जी यादी झाली असेल, ती शोधून काढा. बहुतेकांना ती सापडणार नाही. सामान घरी आले की यादीचे काम संपते आणि ती कचऱ्यात जाते. आता कल्पना करा की आठशे-नऊशे वर्षांनी तुमच्या कुटुंबाबद्दल कोणाला जाणून घ्यायचे आहे. तुमची पदवी, सात-बारा, बँकेचे पासबुक यांपैकी काही शिल्लक राहिलेच, तरी तुम्ही काय खात होता, कोणाला काय भेट पाठवत होता, प्रवासाला निघताना पिशवीत काय भरत होता, हे त्यातून कळणार नाही. ते त्या यादीतून कळले असते.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. किनारी कर्नाटकातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात उत्पादन अभियांत्रिकी शिकवतो. धातूंच्या ओतकामाच्या तासाला एखादे जुने, प्रत्यक्षातले उदाहरण हवे म्हणून शोधत होतो, तेव्हा बाराव्या शतकातल्या मंगळूरच्या एका ज्यू व्यापाऱ्याची कागदपत्रे वाचण्यात आली. उदाहरण तर मिळालेच, पण तिथून पुढे मी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो. त्या माणसाची गोष्ट आधी पाहू. नंतर आपल्या कोकणाकडे येऊ, कारण तिथे याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते.

कागद का टिकले

ज्यू परंपरेत ज्या कागदावर देवाचे नाव लिहिलेले आहे तो जाळत किंवा फाडून टाकत नाहीत. असे जीर्ण कागद एका खोलीत साठवतात आणि पुढे पुरतात. या साठ्याला गेनिझा म्हणतात. जुन्या कैरोच्या फुस्तात भागातल्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये असा साठा शेकडो वर्षे वाढत राहिला आणि पुरायचा राहून गेला. शिवाय त्या काळी साध्या पत्राची सुरुवातसुद्धा देवाच्या नावाने होई, म्हणून धार्मिक ग्रंथांबरोबर हिशेब, तक्रारी, लग्नाचे करार, वाण्याच्या याद्या असे सगळेच त्या खोलीत गेले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर या विद्वानाने त्यातले जवळपास दोन लाख तुकडे केंब्रिजला नेले. पुढे श्लोमो दोव गॉइटाइन यांनी आयुष्याची अनेक वर्षे या कागदांतल्या रोजच्या जीवनाच्या अभ्यासाला दिली. त्यांच्या लक्षात आले की यात भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे बरीच आहेत. ती त्यांच्या मृत्यूनंतर मॉर्दखाय फ्रीडमन यांनी पूर्ण करून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. अमिताव घोष यांचे 'इन अॅन अँटिक लँड' (१९९२) ज्यांनी वाचले आहे त्यांना हा विषय ओळखीचा असेल.

पत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू आहे. आपल्याकडे मराठी मजकूर मोडीत लिहीत, तसेच काहीसे समजा. भाषा बाजाराची, लिपी घरची.

अब्राहम बेन यिजू

आपला माणूस मूळचा ट्युनिशियातल्या महदिया बंदराचा. नाव अब्राहम बेन यिजू. तो अदनला आला, तिथल्या मोठ्या ज्यू व्यापाऱ्यांच्या वर्तुळात शिरला आणि ११३२ सालापर्यंत मंगळूरला येऊन राहिला होता. मधला थोडा काळ सोडला तर ११४९ पर्यंत तो मलबारच्या किनाऱ्यावरच होता. मिरी, वेलदोडे, सुपारी, लोखंड पश्चिमेला पाठवायचे, तिकडून तांबे आणि इतर माल मागवायचा, हा त्याचा धंदा. शिवाय तांब्या-पितळेची भांडी घडवणारा त्याचा स्वतःचा कारखाना होता.

त्याचे अदनमधले तीन स्नेही पत्रांत सतत भेटतात: व्यापाऱ्यांचा प्रमुख मदमून, युसुफ बेन अब्राहम आणि खलफ बेन इसहाक. त्यांची पत्रे एका ठरावीक पद्धतीने चालतात. आधी नमस्कार आणि आशीर्वाद, मग मालाचा हिशेब, आणि शेवटी एक जागा भेटींसाठी राखलेली. आम्ही तुझ्यासाठी काही किरकोळ वस्तू पाठवल्या आहेत, ज्यांना किंमत अशी नाही, अशा अर्थाची प्रस्तावना करून मग त्या वस्तू मोजून सांगायच्या. साखर, बदाम, मनुका, कपडे, चटया, आणि जवळजवळ दर वेळी कागद.

इथे थोडे थांबू या. साखर उसापासून आणि ऊस आपल्याकडचा. मग अदनहून मंगळूरला साखर कशाला? तिकडची शुद्ध केलेली पांढरी साखर हा त्या काळातला उंची पदार्थ होता, हे एक कारण. दुसरे कारण मला जास्त पटते. आपण पुण्याहून नागपूरच्या नातेवाइकाकडे जाताना बाकरवडी नेतो, ती नागपुरात मिळत नाही म्हणून नव्हे. भेटीला लागते ते पाठवणाऱ्याच्या गावचे काहीतरी.

कागदाचे मात्र तसे नाही. मलबारात ताडपत्रावर लिहीत, चांगला कागद मिळत नसे, आणि बेन यिजूला लिहिण्याची हौस. तो कविता करायचा, धर्मशास्त्रावर मते लिहायचा. आलेल्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आणि समासात त्याने हिशेब, मसुदे, याद्या लिहून ठेवल्या आहेत. म्हणून एकाच तुकड्यावर एका बाजूला अदनच्या बड्या व्यापाऱ्याचे पत्र आणि दुसऱ्या बाजूला मंगळूरच्या घरातला हिशेब असे दिसते. कागद स्वस्त असता तर ही घरगुती टिपणे वेगळ्या चिठोऱ्यांवर झाली असती आणि बहुधा मंगळूरच्या पावसाळ्यात कुजून गेली असती. मित्रांची पत्रे जपायची म्हणून तो ती बरोबर घेऊन गेला आणि मागच्या बाजूचे घर आपोआप कैरोपर्यंत गेले.

आठ कोनांचा खांब

आता मी ज्यासाठी हे सगळे वाचायला घेतले तो भाग. अदनचे ग्राहक फुटकी भांडी मंगळूरला पाठवत. आपल्याकडे कासाराकडे मोड देऊन नवे भांडे घेतात, तोच प्रकार. फक्त मधे अरबी समुद्र. एका पत्रात ग्राहक मोडीचे वजन पाव रतलपर्यंत काटेकोर लिहितो (रतल हे त्या काळचे वजन), त्यातून काय काय भांडी करायची ते सांगतो आणि उरलेल्या धातूचा एक दिवा करायला सांगतो. दिव्याचा खांब आठ कोनांचा आणि भरीव हवा. बैठकीला मजबूत पाय हवेत. वर दोन वातींचा तांब्याचा दिवा हवा आणि तो खांबावर वरखाली सरकवता आला पाहिजे. खांब, बैठक आणि दिवा हे तीन भाग सुटे व्हायला हवेत. पायांना पीळ देता आला तर द्यावा, ते जास्त सुंदर दिसते. आणि अमक्या एका माणसाने पूर्वी असा दिवा करून घेतला होता, तसा हा व्हावा.

हा मजकूर मी दरवर्षी पहिल्या सत्रात मुलांना देतो आणि यावरून आकृती काढा म्हणतो. साठ मुलांच्या साठ वेगळ्या आकृत्या येतात. उंची कुठे आहे? व्यास कुठे आहे? खांब आठ कोनी आणि दिवा सरकणारा, मग दिव्याचे भोक गोल करायचे की आठ कोनी? बैठकीत खांब कसा बसवायचा? पत्रात यातले काहीच नाही. असे असूनही माल तयार होत होता आणि लोक पुन्हा मागणी करत होते. म्हणजे शब्दांत न लिहिलेले बरेचसे ज्ञान मंगळूरच्या कारागिराच्या हातात होते, असाच याचा अर्थ होतो. तीन सुट्या भागांचे वर्णन वाचून तुम्हाला आपली समई आठवली असेल. मलाही आठवली. पण यावरून कोणी कोणाची नक्कल केली असा निष्कर्ष काढू नका. सरकता दिवा ही वेगळी कल्पना आहे आणि मागणी अदनची होती.

दिव्याला ज्यू घरात एक खास जागा आहे. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस. त्या काळात आग पेटवायची नाही. म्हणून दिवा आधीच लावून ठेवायचा आणि स्वयंपाकही आधीच करून ठेवायचा. घरातला दिवा सुंदर असावा, त्यात पुरेसे तेल मावावे, ही इच्छा अशा घरात आणखी तीव्र असणार.

भात आहे, गहू नाही

बेन यिजू मंगळूरला नेमके काय जेवत होता? आधी नियम पाहू, म्हणजे त्याची अडचण कळेल. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही. प्राणी ठरलेल्या पद्धतीने, जाणकाराने कापलेला हवा. मासा मात्र त्या पद्धतीने कापावा लागत नाही. फक्त त्याला पर आणि खवले हवेत, म्हणजे बांगडा चालतो, कोळंबी आणि खेकडा चालत नाही. शब्बाथच्या जेवणाच्या सुरुवातीला द्राक्षरसावर आणि भाकरीवर आशीर्वाद म्हणायचा. ही भाकरी गहू, जव अशा ठरावीक पाच धान्यांचीच लागते. तांदळाची चालत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला अडचण लगेच दिसेल. मासे आणि भात भरपूर, नारळ भरपूर. पण गहू नाही आणि द्राक्षे नाहीत. रोजचे पोट इथल्या अन्नावर आरामात भरते. अडते ते आठवड्यातून एकदा, शुक्रवारी संध्याकाळी. आता अदनहून येणाऱ्या मनुकांकडे पुन्हा पाहा. मनुका पाण्यात भिजवून काढलेला रस आशीर्वादाला चालतो. मित्रांनी बदामांसोबत पाठवलेल्या मनुका नुसत्या तोंडात टाकायच्या नव्हत्या, त्यांच्यावाचून शुक्रवारची संध्याकाळ पुरी होत नव्हती. भेट देणाऱ्यालाही हे माहीत असणार, तोही त्याच नियमांनी जेवत होता.

प्रवासाचे तर याहून कठीण. वारे हिवाळ्यात पश्चिमेला नेतात आणि पावसाळा ओसरताना पूर्वेला आणतात. पत्र लिहून उत्तर यायला वर्ष लागे. जहाजावर स्वतःचे अन्न स्वतः न्यायचे. बेन यिजूने परतीच्या प्रवासासाठी केलेली सामानाची एक यादी गेनिझात सापडली आहे आणि एलिझाबेथ लँबर्न यांनी तेवढ्या एका यादीवर २०१८ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. तांदूळ, भाकरी, मासे, तेल, व्हिनेगर, लिंबू, काचेची भांडी, टोपल्या असे सामान त्यात आहे. माझ्या मते गेनिझातला हा सर्वांत बोलका कागद. त्या यादीत शोभेची एकही गोष्ट नाही, ती फक्त काम करते. तांदूळ आणि भाकरी दोन्ही का, हे ज्याला शुक्रवारचा नियम माहीत आहे त्यालाच कळते.

अशी तयारी करूनही जहाजे बुडत. बेन यिजूचा माल असलेले एक जहाज बाब-अल-मंदबजवळ फुटले. मिरी गेली. अदनच्या मित्रांनी पाणबुडे लावून लोखंडातला काही भाग वर काढला आणि त्याचा हिशेब त्याला कळवला.

स्वयंपाक कोणी केला?

इथपर्यंत मी तुम्हाला जे सांगितले ते सगळे पुरुषांनी पुरुषांना लिहिलेले आहे. मग मंगळूरच्या त्या घरातली चूल कोण पेटवत होते?

१७ ऑक्टोबर ११३२ या तारखेचा मंगळूरचा एक दस्त उपलब्ध आहे. त्यात अब्राहम बेन यिजू आपली दासी आशू हिला मुक्त करतो. तिचे ज्यू नाव बेराखा, म्हणजे आशीर्वाद. ती भारतीय होती. बेन यिजूच्या एका हिशेबात 'नायर' असा मेहुण्याचा उल्लेख येतो, त्यावरून ती नायर कुटुंबातली असावी असे मानले जाते. तिला मुले झाली. त्यातला मुलगा सुरूर आणि मुलगी सित्त-अल-दार आपल्याला पत्रांतून माहीत आहेत.

या दस्ताकडे दोन नजरांनी पाहता येते. काही वाचकांना त्यात प्रेमकथा दिसते. मला तसे म्हणवत नाही. विकत घेतलेल्या माणसाच्या मनात काय होते हे विकत घेणाऱ्याच्या दस्तावरून ठरवू नये. दुसरी बाजू कायद्याची आहे. ज्यू धर्मशास्त्रात मुलाचा दर्जा आईवरून ठरतो. आई दासी असेल तर मूलही दास. ती मुक्त होऊन धर्मात आली तरच तिची मुले ज्यू. म्हणजे हा कागद आशूला जितका हवा होता तितकाच, किंवा त्याहून जास्त, बेन यिजूच्या होणाऱ्या मुलांना हवा होता. शिक्का-सही नसती तर त्या घरात कितीही शुक्रवार पाळले गेले असते, मुलांची ओळख अडली असती.

आणि त्या दस्तानंतर आशू कागदांतून नाहीशी होते. अदनचे मित्र मुलांची चौकशी करतात, बेन यिजूच्या कारभाऱ्याला, बोम्माला, नमस्कार कळवतात. आशूसाठी काही नाही. दुसऱ्याच्या बायकोचा उल्लेख पत्रात न करणे हा त्या काळचा शिष्टाचार होता, हे खरे. पण परिणाम तोच. मनुका कोणी भिजवल्या, बांगड्याला कोणता मसाला लावला, तुळू किंवा मलयाळम बोलणाऱ्या बाईने महदियाच्या माणसाचे नियम कसे शिकून घेतले आणि त्यात आपले काय मिसळले, यातले काहीही लिहिले गेले नाही. दिव्याच्या खांबाला कोन किती हवेत हे आपल्याला माहीत आहे. त्या घरातल्या एकाही कालवणाची कृती आपल्याला माहीत नाही.

११४९ मध्ये बेन यिजू दोन मुलांना घेऊन अदनला परतला. आशू बरोबर असल्याचा उल्लेख नाही. आदल्याच वर्षी सिसिलीच्या राजाने महदिया घेतले होते आणि बेन यिजूचे भाऊ परागंदा झाले होते. त्याने त्यांना पत्र लिहिले, की मी सुखरूप आलो आहे, माझ्याकडे पुरेसे आहे, तुम्ही या. एका भावाने त्याला फसवले. मुलगा सुरूर वारला. खलफला सित्त-अल-दार आपल्या मुलासाठी हवी होती, पण बेन यिजूने नकार दिला आणि ११५६ मध्ये फुस्तातला तिचे लग्न पुतण्याशी लावले. मंगळूरला जन्मलेली, आशूची मुलगी. लग्नात तिला मिळालेल्या वस्तूंची यादी राहिली आहे. आईकडून ती काय शिकली होती, ते कुठल्या यादीत येणार?

कोकणात उलटा प्रकार

गेनिझाच्या कागदांत आपल्या ठाणे बंदराचेही नाव येते. पण मी आता ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या बेने इस्राएल समाजाचा बेन यिजूशी संबंध होता असे म्हणायला आधार नाही. मी त्यांना शेजारी ठेवतो आहे ते वेगळ्या कारणाने. मंगळूरच्या घराचे कागद राहिले आणि स्वयंपाकघर गेले. कोकणातल्या ज्यू घरांचे जुने कागद नाहीत, स्वयंपाकघर मात्र राहिले.

समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. पोथ्या समुद्रात गेल्या. ते कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावोगावी पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर, दिवेकर अशी आडनावे गावांवरून पडली.

पुढे दावीद रहाबी नावाचा बाहेरचा ज्यू तिथे आला. तो कधी आला याबद्दल मतभेद आहेत. काही जण अकराव्या शतकात नेतात, काही अठराव्यात. पण गोष्ट सगळीकडे एकच आहे. हे लोक ज्यू आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मासे ठेवले आणि शिजवायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. त्याची खात्री पटली.

ही दंतकथा असेल. तरीही तिची रचना बघा. परीक्षा ग्रंथाची नाही, माशांची आहे. परीक्षेला बसले आहेत ते घरातल्या बायका, पुरुष नाहीत. आणि पोथ्या बुडाल्यानंतर एका समाजाने स्वतःबद्दल सांगण्यासाठी हीच गोष्ट निवडून जपली.

सणांची नावेही तेच सांगतात. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यात जुन्या मराठी सणांची नोंद आहे. हिब्रू नावे विस्मरणात गेली होती, त्या जागी नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण अशी नावे होती. पेसाहला, म्हणजे आंबवलेले काही खायचे नाही त्या आठ दिवसांना, आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्यावरून नाव पडले होते. जेरुसलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवसाचे नाव होते बिरड्याचा सण. पुरिम साधारण होळीच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण. पुरिमला घरी केलेल्या पदार्थांची ताटे एकमेकांकडे पाठवायची आणि गरिबाला काही द्यायचे, असा धर्माचाच आदेश आहे. बेने इस्राएल घरांत या दिवशी पुरणपोळ्या होत. ताट झाकून शेजारी पाठवणे ही रीत कोकणात कोणाला शिकवावी लागली नसणार.

मांसाच्या कालवणात दूध-दही घालता येत नाही, ही अडचण नारळाच्या दुधाने सुटली. गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात केलेला चिकाचा हलवा नव्या वर्षाला होतो, आणि मांसाच्या जेवणानंतरही तो चालतो. आशीर्वादाला मनुका भिजवून केलेले सरबत असते. मंगळूरच्या मनुका आठवा. दोन्हीकडे द्राक्षे नव्हती आणि नियम एकच होता, म्हणून उत्तर सारखे आले; यात वारसा शोधायची गरज नाही.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, वेलची, वर फळे, गुलाबाचे फूल. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात शिरताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे नाव घेऊन मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात त्याच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत अशी श्रद्धा आहे आणि आजही लोक तिथे मलिदा घेऊन जातात. जगातल्या इतर ज्यू समाजांत हा विधी नाही.

१८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी अशी पेसाहची पोथी छापली गेली. त्यातल्या चित्रांत पेसाहच्या बिनआंबवलेल्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगड्यात, जमिनीवर बसलेल्या आहेत. म्हणजे छापील कागदावरही उमटले ते पुन्हा स्वयंपाकघरच.

आजीचे नाव काय?

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला जाऊ लागले. तेव्हा समाज सुमारे वीस हजारांचा होता. तिथे लग्ने जुळू लागली तेव्हा काही धर्मगुरू अडले. तुमच्या पूर्वजांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का, मधे बाहेरचे कोणी आले होते का, हे कशावरून? १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने निर्देश काढले की बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न लावताना आईच्या बाजूची वंशावळ मागे जाऊन तपासावी.

पणजीच्या लग्नाचा दाखला कोकणातल्या कोणत्या घरात असणार? रोह्याच्या किंवा पेणच्या घाण्याच्या घरात तिचे शनिवार होते, तिची मासळी होती, तिचे झाकून ठेवलेले भांडे होते. कागद नव्हता. रहाबीच्या गोष्टीत जो पुरावा पुरला होता तो जेरुसलेमच्या कचेरीत पुरेना. प्रश्न मात्र ११३२ च्या दस्तामागचाच होता: आई कोण?

बेने इस्राएल रस्त्यावर आले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत अशी भूमिका घेतली आणि महिनाअखेर धर्मपीठाने तो निर्देश मागे घेतला.

ज्यांनी धरणे धरले त्यांच्यातल्या अनेकांची मुले दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा या गावांत वाढली. तिथे पोहे मिळतात आणि मलिदा होतो. बिरड्याचा सण, खिरीचा सण ही नावे आता क्वचितच कोणी वापरते. आपल्याला ती ठाऊक आहेत ती केहीमकरांमुळे. त्यांनी लिहिलेले पुस्तकही चाळीस वर्षे हस्तलिखितातच पडून होते. ते १९३७ मध्ये तेल अवीवला छापले गेले.